बान्झुके: एका उतरंडीची कुळकथा

फँटसी सुमो खेळायला लंगोट नेसावा लागत नाही. वजन वाढवायचं नाही, मीठ उधळायचं नाही, कुणाच्या छातीवर डोकं आपटायचं नाही. जपानमध्ये खरी स्पर्धा चालू असते तेव्हा त्या दिवशीच्या कुस्त्या कोण जिंकणार ते आधी सांगायचं. समोर दुसरा खेळाडू असतो, त्यानंही आपले अंदाज दिलेले असतात. ज्याचे जास्त बरोबर त्याला पांढरा तारा, दुसऱ्याला काळा. असं पंधरा दिवस. अंदाज पाठवायला विसरलात तर तो दिवस गेला. यात अन्याय काही नाही. खऱ्या आखाड्यातही दुखापतीनं बसलेल्या मल्लाचे दिवस पराभवातच धरतात.

खरी गंमत सोळाव्या दिवशी सुरू होते. आठ विजय असतील तर वर, सात असतील तर खाली. पण वर म्हणजे किती वर? याचं उत्तर तुमच्या ताऱ्यांत पूर्ण सापडत नाही, कारण वरचे किती घसरले यावरही ते ठरतं. बुद्धिबळातली आर्पाद एलो यांची गुणपद्धत ‘फिडे’नं 1970 मध्ये स्वीकारली. तिथं तुमचा आकडा तुमचा असतो, दहा जणांचा सारखा आला तरी कुणाचं बिघडत नाही. सुमोत आकडे नाहीत, जागा आहेत. माकुउची या सर्वांत वरच्या विभागात फार तर 42, त्याखालच्या ज्यूर्योत 28. वरचा उठल्याशिवाय खालच्याला बसता येत नाही. फँटसी सुमोवाल्यांनी खेळ बेतताना एलोचा सोपा मार्ग सोडून ही अवघड उतरंड उचलली. ती कुठून आली, हे सांगण्यासारखं आहे.

या उतरंडीचं नाव बान्झुके, आणि जन्मानं ती निव्वळ जाहिरात आहे. सतराव्या शतकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, रस्त्यावरच्या कुस्त्यांत इतकी मारामारी होई की 1648 मध्ये शोगुनच्या राजवटीनं त्यांवर बंदी घातली. 1684 मध्ये फुकागावाच्या हाचिमान देवस्थानात पुन्हा परवानगी मिळाली, ती देवळांसाठी निधी जमवायचा या नावाखाली. 1757 पासून एदोत एकाच उभ्या कागदावर पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजूंची नावं छापून येऊ लागली, आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘परवानगी मिळाली आहे’. परवानगी देणारे अधिकारी जाऊन दीडशे वर्षं उलटली, तरी ती अक्षरं आजच्या कागदावरही तिथंच आहेत.

आपल्याकडं जत्रेच्या मैदानाच्या फलकावर पहिल्या क्रमांकाची कुस्ती मोठ्या अक्षरांत झळकते आणि खाली-खाली नावं बारीक होत जातात, तसंच हे. बान्झुकेवर वरच्या मल्लाचं नाव जाड आणि ऐसपैस, तळातलं जोनोकुची विभागातलं केसाएवढं. त्या तळातल्या मंडळींना जपानी लोक थट्टेनं ‘भिंग’ म्हणतात.

जाहिरात म्हटली की माल सजवणं आलंच. एदोकाळात सर्वांत वरचा हुद्दा ओझेकीचा, आणि तो नेहमी लढून मिळवलेला असे असं नाही. एखादा धिप्पाड गडी सापडला की त्याला थेट ओझेकी म्हणून छापत, लोक बघायला येत, काम झालं. पुढं सुमोच्या इतिहासातलं मोठं नाव झालेला तानिकाझेसुद्धा 1769 मध्ये दुसऱ्या नावानं असाच शोभेचा ओझेकी म्हणून आला, मग खालच्या माएगाशिरा हुद्द्यात उतरला आणि लढत वर चढला. त्यात सरदारांची मर्जी. नामवंत मल्ल सरदारांच्या पदरी असत, आणि आपला माणूस कुठं छापला जातो याकडं धन्याचं लक्ष असे. आठ विजयांवर वर आणि सातावर खाली हा हिशोब त्या काळातला नव्हे.

आजचा सर्वोच्च हुद्दा योकोझुना, पण मुळात तो हुद्दाच नव्हता. 1789 मध्ये योशिदा त्सुकासा घराण्यानं तानिकाझे आणि ओनोगावा या मल्लांना कमरेला जाड पांढरा दोर बांधून आखाड्यात विधी करण्याचा परवाना दिला. तो मान होता, पायरी नव्हती. 254 कुस्त्या जिंकून फक्त 10 हरलेल्या राइदेनला तो कधीच मिळाला नाही. तो शेवटपर्यंत ओझेकी राहिला आणि त्याच्या काळात याहून वर काही नव्हतंच.

दोराचा हुद्दा झाला तो एका रुसव्यातून, असं सांगतात. 1890 मध्ये निशिनोउमी या मल्लाला परवाना मिळाला, पण पुढच्या बान्झुकेवर ओझेकींच्या दोन्ही जागा सरस कामगिरीच्या मल्लांनी घेतल्या होत्या. त्याचं नाव चौकटीबाहेर टाकावं लागलं. गडी बिनसला. समजूत म्हणून त्याच्या नावाबरोबर ‘योकोझुना’ हा शब्द छापला गेला, पहिल्यांदाच. 1909 मध्ये नियमांतही तो सर्वोच्च हुद्दा म्हणून लिहिला गेला. आज सगळे घसरतात, एकटा योकोझुना घसरत नाही. जमेनासं झालं की त्यानं निवृत्त व्हायचं. कारण मुळाशी परवाना आहे, आणि दिलेला मान काढून घ्यायची सोयच कुणी ठेवली नव्हती.

जुन्या व्यवस्थेची खूण अजून दिसते. पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक असे दोन ओझेकी कागदावर असलेच पाहिजेत. 2023 च्या जानेवारीत ताकाकेइशो हा एकच ओझेकी उरला होता, तेव्हा योकोझुना तेरुनोफुजीच्या नावावर ‘योकोझुना-ओझेकी’ असं छापलं. सर्वोच्च मल्लाला कागद पुरा करण्यासाठी खालच्या खुर्चीचाही भार उचलावा लागला.

आखाड्याबाहेर ही उतरंड पळवणारे फँटसी सुमोवाले पहिले नव्हेत. एकोणिसाव्या शतकात एदोच्या छापखान्यांनी कशाकशाची बान्झुके काढली: उपाहारगृहांची, श्रीमंतांची, वैद्यांची. गरम पाण्याच्या झऱ्यांच्या यादीत पूर्वेचा ओझेकी कुसात्सु आणि पश्चिमेचा आरिमा. काटकसरीच्या रोजच्या पदार्थांचीही यादी होती. शाकाहारी बाजूला टोफूचा एक पदार्थ ओझेकी, माशांच्या बाजूला काडीत ओवलेले सुके तारली मासे. या याद्यांत योकोझुना शोधू नका, हुद्दा म्हणून तो तेव्हा जन्मला नव्हता. मला ही गोष्ट फार आवडते. मल्लांना पैसे देऊन बघायला बोलावणारा कागद, आणि लोकांनी त्याची चौकट घेऊन घरची सुकी मासळी मांडून ठेवली.

आजचा हिशोब विसाव्या शतकात बसला. 1949 पासून पंधरा दिवसांची स्पर्धा आणि 1958 पासून वर्षाला सहा. पंधरा ही विषम संख्या, त्यामुळं बरोबरीला जागा नाही. आठ जिंकले की बढती, आठ हरले की घसरण. ज्यूर्यो आणि वरच्यांनाच महिन्याचा पगार, 2019 मध्ये ज्यूर्योत तो दरमहा 11 लाख येन होता. खालच्यांना पगार नाही, वर सीनियर मल्लांची सेवा. एका पायरीनं माणसाचं आयुष्य बदलतं, तिथं आठवा विजय सोन्याचा होणारच. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि मार्क डग्गन यांनी 1989 ते 2000 मधल्या कुस्त्या तपासल्या. शेवटच्या दिवशी 7-7 वर अडकलेला मल्ल 8-6 वाल्याशी लढतो तेव्हा जुन्या निकालांवरून त्यानं निम्म्याहून किंचित कमी वेळा जिंकायला हवं होतं. प्रत्यक्षात तो सुमारे 80 टक्के वेळा जिंकत होता. सुमो संघटनेनं असे संशय झटकून टाकले. मग 2011 मध्ये पोलिसांनी जप्त केलेल्या फोनमध्ये मल्लांचे निकाल ठरवणारे संदेश सापडले आणि मार्चची स्पर्धा रद्द झाली.

हुद्दे ठरवायचं काम यंत्राकडं नाही. स्पर्धा रविवारी संपते, बुधवारी परीक्षकांची बैठक बसते. ज्यूर्योत नव्यानं आलेल्यांची नावं लगेच सांगतात, त्यांना विधीचं भरजरी वस्त्र वगैरे करून घ्यायचं असतं म्हणून. बाकीचा कागद गुप्त. ग्योजी, म्हणजे आखाड्यातले पंच, जाड्या सुमो-लिपीत सगळी नावं हातानं कुंचल्यानं लिहितात; मूळ ताव मीटरभराहून उंच, छापील त्याच्या निम्म्या उंचीचा. पुढच्या स्पर्धेच्या साधारण 13 दिवस आधी, सोमवारी, तो जगाला दिसतो.

त्या बैठकीत काय चालतं? ढोबळ ठोकताळा असा की विजयांतून पराभव वजा करा, तेवढ्या पायऱ्या वर. दहा-पाच असेल तर पाच. पण तेवढ्या जागा रिकाम्या हव्यात. एखाद्या स्पर्धेत वरचे बहुतेक जिंकले तर आठ विजयवाला जागेवरच राहतो. वरचे कोसळले तर तोच भराभर चढतो. जपानी लोक याला सरळ बान्झुकेचं नशीब म्हणतात. ओझेकी व्हायला तीन स्पर्धांत 33 विजय असावेत असा संकेत आहे, पण संकेतच. योकोझुनासाठी 1950 मध्ये सल्लागार मंडळ नेमलं, त्याच जानेवारीत तीन योकोझुनांनी स्पर्धा अर्ध्यावर सोडली होती म्हणून. सलग दोन अजिंक्यपदं ‘किंवा त्या तोडीची कामगिरी’ ही त्यांची अट. 1986 मध्ये त्या ‘तोडी’च्या जोरावर एकही अजिंक्यपद नसलेला फुताहागुरो योकोझुना झाला, आणि 1987 च्या अखेरीस गुरूशी भांडून बाहेर पडला. त्यानंतर ती फट बराच काळ बंद राहिली.

या उतरंडीचं क्रौर्य आणि औदार्य एकत्र पाहायचं तर तेरुनोफुजीच. गुडघे आणि आजारानं माजी ओझेकी 2019 च्या मार्चमध्ये जोनिदान विभागात, म्हणजे तळापासून दुसऱ्या पातळीवर, येऊन पडला. पूर्वी ओझेकी होता म्हणून एक पायरीही सूट नाही. पण तसाच वर चढायला आडकाठीही नाही. जुलै 2020 मध्ये तो माकुउचीच्या शेवटच्या रांगेतून अजिंक्य ठरला आणि 2021 मध्ये योकोझुना झाला.

फँटसी सुमो बेतणाऱ्याची अडचण इथं सुरू होते. सगळं सूत्रात बसवलं तर खेळ न्याय्य होतो आणि कोरडा होतो. कुणी तरी बसून हातानं ठरवलं तर तक्रारी येतात. माझं मत हातानं ठरवणाऱ्यांच्या बाजूनं आहे. याचा पुरावाही खेळातच आहे: खऱ्या परीक्षकांची पुढची यादी ओळखण्याचाच एक स्वतंत्र खेळ निघाला. माकुउचीची 42 नावं क्रमानं लिहायची. हुद्दा आणि बाजू दोन्ही जुळले तर 2 गुण, हुद्दा जुळला पण बाजू चुकली तर 1. यादी सूत्रानं निघत असती तर हा खेळ पहिल्याच स्पर्धेत संपला असता.

खेळून बघायचं असेल तर योकोझुना आणि ओझेकींवर वेळ घालवू नका, ते बहुतेक सगळ्यांचेच जुळतात. माएगाशिरा 5 ते 12 हा पट्टा घ्या. तिथं आठ-सात, सात-आठ वाल्यांची गर्दी असते, जागा कमी असतात, आणि गुण तिथंच जातात.