घाट उतरताना

बोरघाट चढणाऱ्या इंजिनांचे आपण फार कौतुक केले. कर्जतला गाडीला मागून इंजिन लागे, तेवढ्यात फलाटावर वडे संपत! खरी परीक्षा मात्र उतरताना असते.

१८६३ साली घाटातून रेल्वे सुरू झाली. चढ ३७ फुटांना एक फूट. उतरताना सगळी भिस्त चाकावर घासणाऱ्या ब्रेकच्या ठोकळ्यांवर. ते फार तापले की पकड सुटते. १८६९ साली एका गाडीचे ब्रेक लागले नाहीत आणि ती रिव्हर्सिंग स्टेशनवर न थांबता पुढे जाऊन कोसळली.

मी इतिहासाचा मास्तर, पण हे गणित जमले. हजार टनांची गाडी लोणावळ्याहून कर्जतला येते, म्हणजे साधारण साडेपाचशे मीटर खाली. त्यात सुमारे १५०० युनिट ऊर्जा मोकळी होते. थोडी हवेत आणि घर्षणात जाते, बाकीची कुठेतरी जिरवायलाच हवी.

१९२८ पासून आलेल्या विजेच्या मालगाडी-इंजिनांनी (लोक त्यांना ‘खेकडा’ म्हणत) नामी उपाय आणला. उतरताना मोटारच जनित्र होते. ते फिरवायला जोर लागतो, तोच ब्रेक. तयार झालेली वीज तारेत परत जाते आणि घाट चढणारी दुसरी गाडी ती वापरते. पण वीज घेणारे कोणी नसेल तर? तारेतला दाब वाढतो आणि ब्रेक सोडून द्यावा लागतो. म्हणून पुढे अनेक इंजिनांत रोधक आले. धातूच्या पट्ट्यांत वीज सोडायची, त्यांची उष्णता पंख्याने बाहेर फेकायची. तारेवर अवलंबून राहणे नाही. पंखा बंद पडला तर मात्र हा ब्रेकही बंद करावा लागतो, नाहीतर पट्ट्याच वितळायच्या. गाडी अगदी मंदावली की त्याचा जोर ओसरतो, शेवटी ठोकळे लागतातच.

हाच रोधक आता आपल्या गच्चीवर, लिफ्टच्या खोलीत असतो. गंमत म्हणजे रिकामी लिफ्ट वर जाताना तो तापतो, कारण पलीकडचे वजन जड असते आणि तेच मोटारीला फिरवते. ड्राइव्हमधला डीसी दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की ट्रान्झिस्टर रोधक जोडतो, उतरला की तोडतो. पेटी जाळीची, चहूबाजूंनी मोकळी, वायरींपासून दूर हवी. आणि तिच्यावरच्या उष्णता-स्विचने ड्राइव्हला नुसता निरोप देऊन भागत नाही, येणारा मुख्य पुरवठाच तोडायला हवा. तो ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर निरोप ऐकणार कोण?

आमच्या सोसायटीत त्या पेटीवर कोणीतरी रद्दीचे गठ्ठे रचले होते. ते मी हलवून घेतले. स्विचची तार नेमकी कुठे जाते, हे लिफ्टवाल्यांना लेखी विचारले आहे. उत्तर यायचे आहे.