कंपवात आणि प्रवास

१८६० सालीं आगगाडी सोलापुरास येऊन पोहोंचली. पुढें १८६३ सालीं बोरघाट खुला झाला आणि बैलगाडीनें कित्येक दिवस खाणारी मुंबईची वाट अगदीं जवळची झाली. गाडीचे धक्के व हेलकावे हा प्रवाशांच्या तक्रारीचा जुना विषय. परंतु त्याच धक्क्यांनीं ज्यांस बरें वाटे असेही रोगी त्या शतकांत पॅरिसच्या एका वैद्यास आढळले. त्यांचा रोग कंपवात. डॉक्टर त्यास पार्किन्सनचा रोग म्हणतात.

लंडनच्या जेम्स पार्किन्सननें १८१७ सालीं या रोगावर निबंध लिहिला. त्यांत वर्णिलेल्या ६ रोग्यांपैकीं कांहीं तर त्यास रस्त्यांतच दिसले होते. रोगास त्याचें नांव दिलें तें सालपेत्रिएर रुग्णालयांतील शार्को यानें. आगगाडीचा किंवा घोडागाडीचा लांबचा प्रवास करून आलेले रोगी हलकें वाटल्याचें सांगतात, हें त्याच्या ध्यानीं आलें. म्हणून त्यानें थरथरणारी खुर्ची करविली. शार्को १८९३ सालीं वारला व खुर्ची विस्मृतींत गेली. २०१२ सालीं शिकागोच्या संशोधकांनीं तशाच खुर्चीची परीक्षा प्रसिद्ध केली. कांहीं रोगी हलणाऱ्या खुर्चींत बसविले, कांहीं न हलणाऱ्या. दोहोंसही सारखाच आराम पडला! तेव्हां गुण धक्क्यांचा नसून निवांत बसण्याचा व आशेचा असावा, असें म्हणणें प्राप्त आहे.

परंतु गाडींत बसणें निराळें आणि गाडी चालविणें निराळें. या रोगांत हालचाल मंदावते. पाय ब्रेकवर जावयास विलंब लागतो. एकाच वेळीं दोन गोष्टींकडे लक्ष देणें कठीण होतें. औषधाचा अंमल उतरूं लागला कीं घटकेपूर्वीं चालणारा हात अडतो. १९९९ सालीं अमेरिकेंतील वैद्यांनीं अशा ८ रोग्यांची हकीकत छापली, कीं ज्यांस या रोगावरील कांहीं नवीं औषधें घेत असतां मोटार चालवितांनाच एकाएकीं झोप लागली. आपल्याकडील १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेंही, ज्याच्या आजारामुळें लोकांस धोका संभवतो त्यास परवाना नाकारतां येतो.

तथापि रोगाचें नांव कळतांच मोटारीची किल्ली काढून घेणें न्यायाचें नव्हे. आरंभीं कित्येक रोगी नीट गाडी चालवितात. ज्या गृहस्थानें वर्षानुवर्षें घरच्यांस तुळजापूर-पंढरपूर दाखविलें, त्याच्या हातून चाक जाणें म्हणजे घरांतील त्याचें स्थानच डळमळणें. म्हणून हा निर्णय मुलांनीं परस्पर उरकूं नये. डॉक्टरांकडून दृष्टि, हालचाल व अवधान यांची वेळोवेळीं परीक्षा करवून, त्यास विश्वासांत घेऊन करावा. आणि चाक सुटलें तरी प्रवास सुटूं देऊं नये. औषधाच्या वेळा सांभाळाव्या, गोळ्या सामानांत न ठेवतां जवळ बाळगाव्या, चढण्या-उतरण्यास अवकाश ठेवावा. सारथ्य दुसऱ्याकडे गेलें, तरी कोठें जावयाचें हें ठरविण्याचा अधिकार त्याचाच राहिला पाहिजे.