स्मृतीचे घर कोठे?

स्मृती म्हणजे गतानुभवांचा साठा, आणि साठा म्हटला की त्याला कोठार आलेच, अशी मनुष्याची फार जुनी समजूत आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याने आपल्या एका संवादात मनाला मेणाच्या पाटीची उपमा दिली आहे. अनुभवाचा ठसा तीवर उमटतो आणि तो टिकेल तोवर आठवण टिकते. आपल्याकडील न्याय-वैशेषिकांनी अनुभवामागे उरणाऱ्या या ठशाला ‘संस्कार’ म्हटले व त्याचे स्थान आत्म्यात मानले. परंतु हा ठसा मोजावा कसा?

ते कार्य हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी केले. अर्थाचे साहाय्य पाठांतरास मिळू नये म्हणून त्यांनी सुमारे २,३०० निरर्थक शब्दावयव जुळविले, ते स्वतःच पाठ केले आणि १८८५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. विसर प्रारंभी झपाट्याने पडतो, पुढे मंदगतीने, हा नियम त्यातून हाती आला. ठसा उमटतो कोठे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. अमेरिकेतील कार्ल लॅश्ली यांनी उंदरांच्या मेंदूचे निरनिराळे भाग काढून, भुलभुलैयातील शिकलेली वाट ते विसरतात काय, हे वर्षानुवर्षे पाहिले. मेंदूच्या बाह्यपटलात स्मृतीचे एक ठराविक स्थान सापडत नाही, असे त्यांना १९५० साली नमूद करावे लागले.

उत्तराची दिशा दिसली ती एका मनुष्याच्या दुर्दैवातून. हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या अमेरिकन तरुणाला अपस्माराचे तीव्र झटके येत. १९५३ साली शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा काही अंतर्भाग, हिप्पोकॅम्पसच्या बऱ्याच अंशासह, काढून टाकला. झटके कमी झाले. पण नवी आठवण धरून ठेवण्याची शक्तीच गेली. बुद्धी शाबूत, वाणी शाबूत, बाळपणीच्या आठवणीही बऱ्याच शाबूत. परंतु नुकताच भेटून गेलेला मनुष्य परत आला की अनोळखी! अशी शस्त्रक्रिया पुन्हा करू नये, असा इशारा पुढे खुद्द स्कोव्हिल यांनीच दिला.

डॉ. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून तारकेची आकृती गिरवावयास दिली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईने चालू लागला. पण हे काम आपण पूर्वी केले आहे, याची त्याला गंधवार्ताही नव्हती. हात शिकला होता. ते शिकणे त्याच्या आठवणीत मात्र नव्हते. म्हणजे स्मृतीचे कोठार एक नाही. घडलेल्या प्रसंगाची आठवण निराळ्या वाटेने साठते, हाताचे कसब निराळ्या वाटेने. आणि जुन्या आठवणी बऱ्याच अंशी हिप्पोकॅम्पसच्या बाहेर टिकून राहतात.

शास्त्रीय ग्रंथांत हा मनुष्य केवळ ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखला जाई. त्याचे पूर्ण नाव जगाला कळले ते २००८ साली, त्याच्या मृत्यूनंतर. पन्नासांहून अधिक वर्षे तो संशोधकांपुढे बसला, आणि प्रत्येक बैठक त्याच्या लेखी पहिलीच होती. स्मृतीविषयी आज जे ज्ञात आहे, त्यातील मोठा वाटा त्याचा आहे. त्याला स्वतःला मात्र ते कधी ध्यानात ठेवता आले नाही.