आत्याची जी.ए.

परवा टोकियोहून पुतण्याचा फोन आला. नातीला तिथल्या एका खासगी विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणे. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "अरे, सरकारी नाही का मिळालं?" तो हसला. "काका, इथली चारातली जवळजवळ तीन मुलं खासगीतच शिकतात."

फोन ठेवला आणि आत्या आठवली. उत्तर कसब्यातला आपला वाडा ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, ती नावापुढे जी.ए. लिहायची. "आत्याला बी.ए. सुद्धा लिहिता येत नाही," अशी आम्ही पोरं चेष्टा करायचो! जी.ए. म्हणजे गृहीतागमा. अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठाची पदवी. वैधव्य आल्यावर घरी अभ्यास करून १९४६ साली तिनं ती मिळवली. पुढं एका कचेरीत नोकरीसाठी गेली, तर 'पदवी सरकारमान्य नाही' म्हणून कागद परत.

गंमत अशी, की या विद्यापीठाचं मूळही टोकियोतच आहे. नारुसे जिन्झो यांनी तिथं १९०१ साली महिला विद्यापीठ काढलं. त्याची माहितीपुस्तिका अण्णासाहेबांच्या हाती पडली. १९१५ च्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष म्हणून त्यांनी ती कल्पना मांडली आणि १९१६ साली अमलात आणली.

दोन्हीकडे आधार खासगी पैशाचाच. नारुसेंना मित्सुई घराण्यानं जागा दिली. अण्णासाहेब गावोगाव वर्गणी मागत हिंडले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव लागलं. सरकारी शिक्का दोघांनाही उशिराच. टोकियोला १९४८ साली पूर्ण विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तर आपल्याकडं १९४९ चा कायदा होऊन १९५१ साली.

पुढं वाटा फुटल्या. आपलं विद्यापीठ सरकारी अनुदानावर आलं. तिकडचं खासगीच राहिलं. १९७५ च्या कायद्यानं जपान सरकार खासगी विद्यापीठांना चालू खर्चाच्या निम्म्यापर्यंत अनुदान देऊ शकतं. १९८० च्या सुमारास ते ३० टक्क्यांजवळ गेलं होतं, नंतर घटत १० च्या आसपास आलं. म्हणजे तिथंही मोठा भार पालकांवरच. आपल्या नव्या खासगी विद्यापीठांचं तर नावच 'स्वयंअर्थसहाय्यित'. हा 'स्वयं' म्हणजे बहुतेक वेळा मुलीचा बाप!

शब्द तोच, 'खासगी'. पण ठाकरसींच्या वेळी पैसे देणारा वेगळा आणि शिकणारी वेगळी होती. आता शिकणाऱ्यानंच द्यायचे. सरकारवर विसंबून राहिली असती, तर आत्यासारखीला विद्यापीठाचं दार दिसलंच नसतं. आणि सरकारनं मानलं नाही म्हणून त्या दारातून बाहेर पडूनही तिला नोकरी मिळाली नाही. मला तरी दोन्ही हात लागतात असं वाटतं.

पुतण्याला मी पुन्हा फोन करून एवढंच विचारलं, "ज्यांना फी झेपत नाही त्यांचं तिथं काय?" तो म्हणाला, "बरीच मुलं कर्ज काढतात, काका."

असो. आत्याचं प्रमाणपत्र कुणाच्या ट्रंकेत असेल तर जुळे सोलापूरला पाठवा, निदान फोटो तरी. नातीला दाखवायचंय.