कारखाना पाहायला गेलेले

परदेशी जायचे, दोन-चार कंपन्यांना भेटी द्यायच्या, उरलेल्या दिवसांत राजवाडे, मनोरे आणि संग्रहालये पाहायची आणि परतल्यावर वीस-पंचवीस पानांचा अहवाल सादर करायचा, ही प्रथा व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांनी अलीकडे सुरू केली असा एक समज आहे. भिवंडीसारख्या गावातल्या महाविद्यालयांतूनही आता अशा दौऱ्यांची पत्रके फिरतात, त्यामुळे तो समज अधिकच दृढ होतो. वस्तुतः मुंबई इलाख्यात ही प्रथा पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. तिच्या इतिहासात कोण गेले यापेक्षा त्यांना काय पाहू दिले गेले, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

१८३८ साली मुंबईच्या गोदीतील वाडिया घराण्याचे दोन तरुण, जहांगीर नौरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी, जहाजबांधणी शिकण्यासाठी इंग्लंडला गेले. चॅटमच्या सरकारी गोदीत त्यांनी शिक्षण घेतले आणि १८४१ मध्ये आपल्या अडीच वर्षांच्या वास्तव्याची रोजनिशी लंडनमध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली. ती आजही वाचनीय आहे. थेम्स नदीखालचा बोगदा (तो तेव्हा पुरताही झाला नव्हता), मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे, रीजंट स्ट्रीटवरील पॉलिटेक्निक संस्थेतील यंत्रांचे प्रयोग या सर्वांचे ते सारख्याच उत्सुकतेने वर्णन करतात. करमणूक कोठे संपते आणि शिक्षण कोठे सुरू होते, हे त्यांच्या लेखनात नेहमी सांगता येत नाही. आम्हांला हा त्या पुस्तकाचा गुण वाटतो. वाफेचे यंत्र ही त्या काळी प्रेक्षणीय गोष्टच होती, आणि तिकीट काढून ती पाहता येत असे.

या रोजनिशीतील एक जागा विसरता येत नाही. हे दोघे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जातात, तर त्यांचा पारशी पोशाख पाहून लोक त्यांच्याभोवतीच गर्दी करतात. पिंजऱ्यातल्या पशुपक्ष्यांइतकेच आपणही कुतूहलाचा विषय झालो होतो, अशा आशयाचे ते लिहितात. तक्रारीचा सूर नाही, थोडी मिस्किली आहे. पाहायला गेलेला माणूस स्वतःच पाहिला जातो, याची इतकी जुनी आणि इतकी शांत नोंद आपल्याकडे दुसरी क्वचितच सापडेल.

त्यांच्या पाठोपाठ १८३९ मध्ये त्याच घराण्यातील अर्देसर कर्सेटजी सुएझमार्गे इंग्लंडला गेले. त्यांचे वय तेव्हा एकतीस होते. १८३४ मध्येच माझगावचे आपले घर त्यांनी गॅसच्या दिव्यांनी उजळवले होते, म्हणजे ते कोरे विद्यार्थी नव्हते. आगबोटींची इंजिने कशी बनतात हे जवळून पाहणे हा त्यांच्या प्रवासाचा हेतू होता. सुमारे वर्षभरात त्यांनी तो साधला. १८४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. परतल्यावर ते मुंबईच्या सरकारी स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता झाले आणि इंग्रज कारागीर त्यांच्या हाताखाली काम करू लागले. ही गोष्ट मुंबईतल्या अनेक गोऱ्यांना रुचली नाही, हे सांगावयास नकोच.

येथे विचारावेसे वाटते की, या तिघांना चॅटमची गोदी आणि इंजिनांची दालने इतक्या सहजपणे खुली कशी झाली? इंग्रजांचे औदार्य हे उत्तराचा एक भाग असेल. मोठा भाग असा की, मुंबई ते सुएझ हा आगबोटीचा मार्ग कंपनी सरकारला हवा होता आणि त्यासाठी मुंबईत यंत्र जाणणारे हात हवे होते. शिकून येणारा माणूस सरकारच्याच चाकरीत येणार होता, कुणाचा प्रतिस्पर्धी होणार नव्हता.

साठ-पासष्ट वर्षांनी हे चित्र पार बदलले. १९०४ पासून हिंदुस्थान सरकारने तांत्रिक शिक्षणासाठी विलायतेच्या शिष्यवृत्त्या देण्यास आरंभ केला. मुंबईत १८८७ पासून व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट होते आणि त्यात कापडविद्याही शिकवली जाई. त्यापुढची पायरी म्हणजे मँचेस्टर. तेथील तंत्रविद्यालयात प्रवेश मिळे. व्याख्याने ऐकावीत, पुस्तके वाचावीत, शाळेच्या कार्यशाळेतील मागावर हात चालवावा. परंतु प्रत्यक्ष गिरणीत उमेदवारी करू द्यावी अशी विनंती केली की दार बंद होई. इतर धंद्यांतही अडचणी होत्या, पण कापडात त्या सर्वांत अधिक. हा प्रश्न इतका चिघळला की त्याच्या चौकशीसाठी थिओडोर मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तिचा अहवाल १९१३ मधला आहे.

लँकेशायरच्या मालकांना दोष देणे सोपे आहे. त्यांचा हिशेब मात्र सरळ होता. हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या कापडावर १८९६ पासून साडेतीन टक्के अबकारी कर होता, आणि तो लँकेशायरच्याच दबावाने बसला होता. तो रद्द व्हायला १९२६ उजाडले. ज्याच्या कापडावर कर बसवण्याची खटपट करायची त्याच्याच मुलाला आपला माग उघडून दाखवायचा, असे कोणता मालक करील? पाहुणा म्हणून या, चहा घ्या, लांबून पाहा. काही दिवसांची ‘भेट’ हा प्रकार येथे शिक्षणाची पूर्वतयारी राहिला नाही. शिक्षण नाकारल्यावर हाती उरणारी ती वस्तू झाली.

(थोडे विषयांतर. मराठी प्रवासवर्णनांत कारखान्याला इतकी कमी पाने का मिळतात, याचाही शोध कुणी घ्यावा. पु. ल. देशपांडे दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेले होते. पण १९६० च्या ‘अपूर्वाई’तून वाचकांच्या मनात राहिले ते लंडन आणि पॅरिस. प्रशिक्षणाचे काय झाले हे किती वाचकांना आठवते? दोष पु. लं.चा नाही, आपल्या वाचनाच्या आवडीचा आहे.)

आता भिवंडीकडे येऊ. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून निघालेली विणकर कुटुंबे येथे वसली आणि हातमाग चालवू लागली. १९३० च्या सुमारास यंत्रमाग आले. त्यांतले कितीतरी मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले, म्हणजे मूळचे बहुधा लँकेशायरचेच. ज्या यंत्राजवळ शिष्यवृत्तीधारक पदवीधराला फिरकू दिले जात नव्हते, ते यंत्र भंगाराच्या भावाने भिवंडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये आले आणि ज्यांनी ते घेतले त्यांनी ते पुरते खोलून पाहिले. कोणता दात झिजला की धोटा उडतो, कोणता पट्टा सैल पडला की ठोका हलका बसतो, हे ज्ञान असे मिळाले. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा मालकांनी आपले कापड येथे विणून घेतले आणि गावाची भरभराट झाली. ती भरभराट कुणाच्या पोटावर पाय देऊन झाली, हा स्वतंत्र आणि अधिक कठीण विषय आहे.

या खोलून शिकण्याचा आम्ही गौरव करतो, पण त्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. भिवंडीने जुना माग जिवंत ठेवला. त्याच्या पुढचा माग मात्र दुसरीकडे घडत राहिला. म्हणूनच येथले कारखानदार दर चार वर्षांनी युरोपात भरणाऱ्या ‘इटमा’ या वस्त्रयंत्रांच्या प्रदर्शनाला जातात. २०१९ मध्ये ते बार्सिलोनाला होते, २०२३ मध्ये मिलानला. दोन दिवस यंत्रे, चार दिवस प्रेक्षणीय स्थळे. यंत्र विकायचे असल्याने तेथे दार उघडे असते, आतला भाग मात्र झाकलेला.

आमचा एक विद्यार्थी काही वर्षांपूर्वी तुर्कस्तानला असाच आठ दिवस जाऊन आला. इस्तंबूलच्या मशिदी आणि बाजार, आणि बुर्सा येथील एक विणाईचा कारखाना. त्याच्या अहवालात कारखान्याला सव्वा पान होते आणि त्यातला बराच भाग कंपनीच्या पत्रकातून घेतलेला होता. आम्ही विचारले, तर त्याने सांगितले की काचेपलीकडून पाहायचे होते, छायाचित्रांना मनाई होती आणि एकंदर वेळ चाळीस मिनिटे. मुलगा प्रामाणिक होता. त्याच्या वडिलांचे चोवीस माग आहेत.

त्याने आम्हांला नंतर सांगितले की, त्याची खरी तोंडी परीक्षा त्यांच्या शेडमध्ये झाली. त्यांच्याकडे तेलंगणातून आलेले एक वयस्क जॉबर आहेत, दुपारी बिस्सीत जेवणारे, गाव आणि भिवंडी सोडून कोठे न गेलेले. त्यांनी मुलाला समोर बसवले. आपला माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे धागे टाकतो, तिथला किती टाकतो? ताण्याचा धागा तुटला तर माग आपोआप थांबतो की माणूस थांबवतो? एक माणूस किती माग सांभाळतो? रात्रपाळी आहे का? आणि छोटे शेठ, त्याला पगार मिळतो की कापडाच्या मीटरवर? मुलाला पाचांपैकी एकाचेही उत्तर देता आले नाही.

हे जॉबर ज्या मागावर काम शिकले, तो आता भंगारात गेला आहे. त्याच्या ओतीव चौकटीवर उठावाच्या इंग्रजी अक्षरांत गावाचे नाव होते. ते त्यांना वाचता येत नसे, पण अक्षरांचे वळण बोटांना पाठ होते. मुलाने एकदा त्यांना ते वाचून दाखवले होते: ब्लॅकबर्न.