उतारवयातील सायकल

नोकरीतून निवृत्त झाल्यावर, मुलाबाळांचे संसार मार्गी लागल्यावर, बाईच्या वाट्याला थोडा मोकळा वेळ येतो. त्या वेळात सकाळी बागेत सायकलीवर दोन फेऱ्या माराव्यात, असे एखादीने म्हटले की शेजारीण हसून विचारते, "आता या वयात?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर शोधायला थोडे इतिहासात डोकावले पाहिजे.

१८१७ साली जर्मनीतील कार्ल ड्राइस याने लाकडी दुचाकी बनवली. तिला पायटे नव्हते; बसणारा पायांनी जमीन रेटत पुढे जाई. पुढे प्रचंड पुढच्या चाकाची सायकल आली. घोळदार झगा नेसणाऱ्या स्त्रीला तिच्यावर चढणेच कठीण! १८८५ साली इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली याने जवळजवळ सारख्या चाकांची, साखळीची सायकल काढली. १८८८ साली डनलॉप याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. मग मधली दांडी खाली वळवलेल्या सायकली निघाल्या आणि स्त्रियांना वाट मोकळी झाली.

त्याच १८८८ साली आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढच्या साऱ्या कारखानदारीची ती सुरुवात होय. याच घराण्याने १९३० साली 'स्त्री' हे मासिक काढले, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो.

आता अमेरिकेतील फ्रान्सिस विलार्ड यांची हकीकत ऐका. या दारूबंदीसाठी झटणाऱ्या स्त्रियांच्या मोठ्या संघटनेच्या अध्यक्षा. सोळाव्या वर्षापर्यंत त्या रानावनात हुंदडल्या. मग लांब झगा अंगावर आला आणि धावणे संपले. आईच्या निधनाने व कामाच्या ओझ्याने प्रकृती ढासळली, तेव्हा त्रेपन्नाव्या वर्षी त्या सायकल शिकल्या. रोज सरासरी पंधरा मिनिटे, असे तीन महिने लागले. सायकलीचे नाव त्यांनी 'ग्लॅडिस' ठेवले आणि १८९५ साली या शिकण्यावर पुस्तकही लिहिले. त्याच वर्षी रशियात टॉलस्टॉय सदुसष्टाव्या वर्षी सायकल शिकले. धाकटा मुलगा नुकताच गेला होता. त्या दुःखातही चाक फिरत राहिले.

विलार्डबाईंचा झगा आणि आपली साडी यांत फरक तो काय? आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. उमरीस आगगाडी होती. पण आसपासच्या खेड्यांतील बाईला पायवाट नाही तर बैलगाडी. पुढे सायकली आल्या, त्या मास्तरांच्या, टपालवाल्याच्या, दूधवाल्याच्या. मुलगे तासाच्या भाड्याने सायकल आणून दांडीखालून पाय घालून कैची शिकत. बहीण मागे कॅरिअर धरून पळे. भाऊ शिकला की तिचे काम संपे. आमच्या पिढीतील कितीतरी जणी अशा नुसत्या मागे धावल्या.

काळ बदलतो. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता चळवळीत हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. मानव विकास कार्यक्रमातून मराठवाड्यातील मुलींनाही शाळेसाठी सायकली मिळाल्या. आणि पुण्याच्या निवृत्त गणित प्राध्यापिका निरुपमा भावे यांनी तर सत्तरीत वाघा सीमेपासून आग्र्यापर्यंत सायकल चालवली!

आपल्याला आग्र्याला जायचे नाही. बागेची सपाट वाट किंवा शाळेचे मैदान पुरे. बिनदांडीची सायकल घ्यावी, साखळीवर झाकण व मागील चाकास जाळी असावी, म्हणजे पदर अडकत नाही. बैठक इतकी खाली ठेवावी की दोन्ही पाय जमिनीस टेकतील. ब्रेक व हवा तपासावी, उन्हापूर्वी निघावे. गुडघ्याची किंवा चक्करेची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. घाई कसलीच नको. गप्पा मारता येतील इतकाच वेग.

आणि पहिल्या दिवशी तोल जाईल असे वाटले, तर नातीला सांगावे, "बाळ, कॅरिअर जरा धर." एके काळी आपण भावाच्या मागे धावलो, आता कोणी तरी आपल्या मागे धावू द्या. "या वयात?" म्हणून हसलेली शेजारीण चार दिवसांनी स्वतःच विचारील, "मला एक फेरी मारू देतेस का?"