कमरेला मारलेली मिठी

डिसेंबर 1778. तुम्ही खोपोलीत, बोरघाटाच्या पायथ्याशी उभे आहात. भातकापणी उरकली आहे, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या रचल्या आहेत आणि पनवेलकडून, खालापूरच्या वाटेनं, धुरळ्याचा लोट येतो आहे. आधी दिसतात ते बैल. मुंबईकर इंग्रजांच्या या फौजेत माणसं चार हजारांच्या आतच, पण सामान वाहायला बैल मात्र 19 हजार! तोफा, दारूगोळा, गोऱ्या अंमलदारांच्या पेट्या. जू मानेवर रुतलेलं, तोंडाला फेस, आणि समोर घाटाचा चढ. उत्तरेला राजमाचीचे दोन बालेकिल्ले हे सगळं वरून पाहताहेत. त्यांच्या पलीकडे कर्जतचं खोरं.

या लवाजम्यात एक माणूस आहे, त्याच्याकडे नीट पाहा. राघोबादादा. वय 44. वीस वर्षांपूर्वी यांच्याच फौजांनी अटकेपर्यंत मजल मारली होती. 1775 च्या सुरतेच्या तहात मुंबईकर इंग्रजांनी यांना पेशवा मानलं, आणि आज ते त्यांना पुण्याच्या गादीवर बसवायला निघाले आहेत. चेहऱ्यावर अन्याय झालेल्या माणसाची कळा आहे. कुणालाही वाटावं, बिचाऱ्याचा हक्क हिरावला गेला.

तुम्हाला मात्र शाळेत ऐकलेली गोष्ट आठवते. दादांनी पुतण्याला धरायचा हुकूम दिला होता, त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला. तेवढी गोष्ट मनात घेऊन पाच वर्षं मागे चला.

30 ऑगस्ट 1773, सोमवार. भाद्रपद, गणपतीचे दिवस. तुम्ही शनिवारवाड्यात आहात. पेशवा नारायणराव अवघा 18 वर्षांचा. थोरले बंधू माधवराव थेऊरला वारले त्याला अजून वर्षही झालेलं नाही. काका राघोबादादा याच वाड्यात नजरकैदेत आहेत. छप्पर एक, देवघर एक, आणि दाराशी पहारा.

आज सकाळी कुलाब्याचे रघूजी आंग्रे यांनी पेशव्याला सावध केलं, असं इतिहासकार सांगतात. नारायणरावानं ते हरिपंत फडक्यांच्या कानावर घातलं, बंदोबस्त करायला सांगितला. हरिपंतांना जेवायचं आमंत्रण होतं. ते आधी तिकडे गेले. तुम्हाला त्यांना हाताला धरून परत आणावंसं वाटेल. पण या सफरीत तुम्हाला फक्त पाहता येतं.

दुपारी गारदी आत घुसतात. सुमेरसिंग, महंमद इसाफ, खरकसिंग आणि त्यांची माणसं. ओरडा चालला आहे तो थकलेल्या पगाराचा. ज्यानं फक्त आवाज ऐकला तो म्हणेल, शिपायांचा दंगा आहे, पैसे मिळाले की निवळेल. पण पगार मागणारा माणूस खजिन्याकडे जातो. हे माणसांच्या दालनांकडे निघालेत.

नारायणराव पळतो. आधी पार्वतीबाईंच्या दालनात. नवरा भाऊसाहेब पानिपतावर गेले तरी कुंकू न पुसलेली ही काकू. काकांकडे जा, ते वाचवतील, असं तिनंच त्याला सांगितलं म्हणतात. माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात दारुण वाक्य हेच. तिनं ते खोटेपणानं म्हटलेलं नाही. घरातला वडीलधारा पुरुष, तोही देवपूजेला बसलेला. जिवावर बेतल्यावर दुसऱ्या कुणाकडे पाठवायचं?

पोरगा धावत जातो आणि काकांच्या कमरेला मिठी मारतो. ‘काका, मला वाचवा’ हे शब्द महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. तुम्ही तिथे उभे आहात, तर शब्दांपेक्षा हातांकडे पाहा. पुतण्याच्या बोटांनी काकांचं सोवळं घट्ट धरलंय. तुळाजी पवार त्याला ओढून काढतो. चापाजी टिळेकर नावाचा चाकर धन्याच्या अंगावर पालथा पडतो, आणि त्याच्यासकट तलवार चालते. त्या दुपारी अकरा जीव गेले, त्यांत दोन दासी होत्या. वाड्यातली एक गायही कापली गेली.

आता अक्षराच्या गोष्टीकडे या. हुकूम धरण्याचाच होता असं घटकाभर धरून चाला. मिठी तर काकांच्याच कमरेला होती. कागदावर काय लिहिलंय ते बाजूला ठेवून ‘थांबा’ म्हणायला तोंड त्यांना होतं. ही गोष्ट इंग्रजीत छापून आली ती ग्रँट डफच्या 1826 सालच्या इतिहासात, म्हणजे खुनानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी. तोवर दोष बाईच्या बोरूवर जाऊन बसला होता, आणि काका निव्वळ फसलेले गृहस्थ ठरत चालले होते. आनंदीबाई निष्पाप होत्या असं माझं म्हणणं नाही. पण कारस्थानाचा फायदा ज्याला झाला, ज्याच्या डोळ्यांदेखत खून झाला, तो कथेत दुय्यम ठरतो आणि खलनायिका म्हणून बाई उभी राहते, हे मला पटत नाही.

रामशास्त्री प्रभुण्यांनाही पटलं नव्हतं. ते त्या काळातले न्यायाधीश. त्यांनी चौकशी केली, बोट थेट दादांकडे दाखवलं, देहान्त हेच प्रायश्चित्त असं तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडलं.

जरा वाट वाकडी करून 1953 सालात डोकावू. रोआल्ड डालची ‘लँब टू द स्लॉटर’ ही कथा त्या वर्षी प्रसिद्ध झाली. मेरी मलोनी ही साधीसुधी गृहिणी कोकराच्या गोठलेल्या तंगडीनं नवऱ्याचा जीव घेते, तीच तंगडी भट्टीत शिजवते आणि तपासाला आलेल्या पोलिसांना वाढते. हत्यार शोधणारेच हत्यार खातात. ती सुटते, कारण ती पोटुशी आहे, गरीब स्वभावाची आहे, आणि अशी बाई खून करील हे कुणाच्या मनातच येत नाही. शनिवारवाड्याची कथा नेमकी उलटी. इथे देवापुढे बसलेल्या पुरुषाला चेहऱ्यानं वाचवलं, आणि गुन्हा बाईच्या नावावर चढला.

पोटुशी बाई इथेही आहे. नारायणरावाची बायको गंगाबाई. तिचा मुलगा पुरंदरावर 18 एप्रिल 1774 ला जन्मला; महिने मागे मोजा. गारदी आत शिरले त्या दुपारी ते बाळ नुकतंच पोटात आलेलं होतं, त्याची चाहूल कुणाला असणार? वंश संपवला असं मारेकऱ्यांना वाटलं, आणि वंश त्याच वाड्यात होता. पुढे दादा स्वारीवर असताना नाना फडणवीस आणि दादांविरुद्ध एकवटलेल्या बारभाई कारभाऱ्यांनी गंगाबाईला पुरंदरावर हलवलं. सोबत पार्वतीबाई होत्या. पुतण्याला काकांकडे धाडणारी तीच काकू आता त्याच्या विधवेच्या उशाशी. चाळीस दिवसांचं पोर पेशवा झालं.

नाना आणि पार्वतीबाई या दोघांच्या खुणा याच खोपोली-कर्जत भागात आहेत. खोपोलीचा तलाव आणि महादेवाचं देऊळ नानांचं. कर्जत तालुक्यात कुसूर घाटाखाली, भिवपुरीचा तलाव पार्वतीबाईंचा. दोन्ही घाटांच्या पायथ्याशी, दमलेल्या माणसांसाठी आणि बैलांसाठी.

खोपोलीत सोडलेली ती फौज घाट चढली खरी. घाटमाथ्यापासून कार्ल्यापर्यंतच्या आठ मैलांना तिला अकरा दिवस लागले. कार्ल्याला त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट पडला, तळेगावाहून माघार घेताना जड तोफा तळ्यात ढकलाव्या लागल्या आणि जानेवारी 1779 मध्ये वडगावला इंग्रजांनी तह केला. दादा महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाले, आणि पुढे निसटलेही.

पुढचा हिशेब ज्यानं त्यानं स्वतः पाहावा. इसाफ, खरकसिंग आणि तुळाजी यांना पकडून ठार मारण्यात आलं. आनंदीबाईंच्या नावाची म्हण झाली, ती आजही तुमच्या-माझ्या तोंडात आहे. निदान मुलांना ही गोष्ट सांगताना काकांचं नाव आधी घ्या. 1782 च्या सालबाईच्या तहानं राघोबादादांना दरमहा 25 हजार रुपयांची नेमणूक मिळाली आणि 11 डिसेंबर 1783 ला ते कोपरगावी वारले. रामशास्त्र्यांनी सांगितलेली शिक्षा त्यांना कुणीही दिली नाही.